त्रास काहीच नाही, मग मॅमोग्राफी करू का?

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो आणि विचारणारीला एका शब्दात उत्तर हवं असतं. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई (ओळख बदलली आहे) अशाच आल्या. नणंदेचा स्तनाचा कॅन्सर मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीत, सापडला होता. "वेळेवर कळलं म्हणून मी वाचले, तूही कर," असा तिचा धोशा. मुलगी म्हणे, विनाकारण ऑपरेशनं होतात.

आधी एक भीती दूर केली. नणंद रक्ताच्या नात्यातली नाही, तिच्या आजाराने यांचा धोका वाढत नव्हता. आई, बहीण, मावशीपैकी कुणाला असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

मग कागदावर आकडे लिहिले. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने 2012 मध्ये मांडलेला हा अंदाज: 10,000 बायकांना पन्नाशीपासून 20 वर्षं तपासणीला बोलावलं, तर स्तनाच्या कॅन्सरने होणारे 43 मृत्यू टळतात. आणि 129 जणींना असा कॅन्सर निघतो, जो एरवी जन्मभर कळलाही नसता. बाई 129 वर बोट ठेवून थांबल्या.

"या कोण, ते डॉक्टरांना कळत नाही?"

"नाही ना. म्हणून उपचार सगळ्यांवरच होतात."

"म्हणजे आमच्या वन्सं...?"

त्या वाचल्या हे खरं, पण तपासणीमुळेच वाचल्या का, हे त्यांच्यापुरतं कुणीच सांगू शकत नाही. अर्थात, हे त्यांना ऐकवायला जाऊ नका, असंही मी बजावलं. आजारातून उठलेल्या माणसाशी असा वाद घालू नये.

"मॅडम, तुम्ही काय केलं असतं?" मी उत्तर दिलं नाही. माझं उत्तर त्यांनी आपलं म्हणून उचललं असतं. उलट विचारलं, पुढे जास्त काय सलेल: तपासणी टाळली याची खंत, की नको असलेले उपचार सोसल्याची? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाळल्याची." त्यांनी तपासणी करायचं ठरवलं. मॅमोग्राफीनंतर आणखी तपासण्यांसाठी पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेकींना काही निघत नाही, हेही आधीच बोलून ठेवलं. हेच आकडे पाहून नको म्हणणाऱ्याही मला भेटल्या आहेत. त्यांचा निर्णयही मला तितकाच विचारी वाटतो.

हे सगळं त्रास नसलेल्यांसाठी. गाठ लागली, कातडी आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्त आलं, तर करू की नको हा प्रश्नच उरत नाही. आधीची मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.