अण्णांचा हात थरथरतोय, तर डोळ्याचा ओसीटी करावा का?

अण्णांचं वय 68, उजवा हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरतो, आणि डोळ्याच्या स्कॅनमधून पार्किन्सन सात वर्षं आधी कळतो असं वाचल्यामुळे सांगलीत ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करून घ्यायचा तुमचा विचार आहे. मिरजेत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून मी हे मशीन रोज चालवतो. एवढ्याच कारणासाठी ओसीटीला पैसे घालू नका. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. डोळ्याचा पडदा गर्भात मेंदूतूनच फुटून पुढे येतो, त्यामुळे मेंदूतली झीज तिथेही उमटते. 2023 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की पार्किन्सनच्या रुग्णांत पडद्याचा आतला पेशींचा थर पातळ असतो, आणि निदानाच्या सरासरी सात वर्षं आधी काढलेल्या स्कॅनमध्येही हा फरक सापडतो. पण तो हजारो लोकांची सरासरी काढल्यावर दिसतो. एकट्या अण्णांचा आकडा कमी आला, तर ते काचबिंदूमुळे असेल, मोठ्या मायनस नंबरमुळे असेल, शुगरमुळेही असेल. रिपोर्टवर लाल पट्टा दिसला की घरचे घाबरतात, आणि हिरवा आला म्हणून पार्किन्सन नाही असंही होत नाही. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, या मेंदू आणि नसांच्या आजाराची गोष्ट वेगळी. तिथे निदानाच्या 2024 च्या नव्या निकषांत डोळ्याच्या नसेला जागा मिळाली आहे आणि ओसीटीचा खरा उपयोग होतो.

मला जास्त भरवसा वाटतो तो डोळ्यांच्या हालचालीवर. एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर नजर टाकताना पार्किन्सनमध्ये उडी तोकडी पडते, डोळा दोन-तीन टप्प्यांत पोचतो. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात उडी सुरू व्हायलाच उशीर लागतो. 'दिवा लागेल त्याच्या उलट बाजूला बघा' म्हटलं की अल्झायमरच्या रुग्णांची नजर बऱ्याचदा दिव्याकडेच जाते. इन्फ्रारेड कॅमेरे हे सगळं मोजतात, संशोधन जोरात आहे, पण अनुभवी डॉक्टरला त्यातलं बरंचसं नुसत्या पेनानेही दिसतं.

तासगावकडचे एक निवृत्त गुरुजी चष्मा बदलूनही नीट दिसत नाही म्हणून आले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ खडखडीत वाचली. शर्टावर आमटीचे डाग होते आणि जिना उतरताना पाय चुकतो म्हणाले. पेन खाली नेलं तर डोळे मध्येच अडले. तेच पेनाकडे बघायला सांगून त्यांचं डोकं हळूच मागे कलवलं, तर बुबुळं व्यवस्थित खाली गेली. म्हणजे स्नायू शाबूत, वरचा हुकूम पोचत नव्हता. ही पीएसपीची, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या मेंदूच्या झिजेच्या आजाराची खूण. सुरुवातीला हा आजार पार्किन्सनसारखाच वाटतो, पण औषधांना फारशी दाद देत नाही. मी त्यांना लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं, निदान तेच निघालं.

तेव्हा जाण्याआधी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा: अण्णा चालताना, वळताना, खुर्चीतून उठताना, जिना उतरताना. गप्पा मारतानाचा चेहराही घ्या, पापण्या किती लवतात ते त्यात दिसतं. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवतात, पार्किन्सनमध्ये कमी. वास येईनासा झालाय का, झोपेत ओरडतात का, सही बारीक झालीय का, हे आईंना विचारून लिहून न्या.

आणि औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. चक्करेची सिनारिझिन, मायग्रेनची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रामाइड, यांनीही हुबेहूब अशीच थरथर येऊ शकते, आणि ती औषधं थांबवल्यावर बऱ्याच जणांची उतरते. मात्र गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना पट्टी दाखवूनच ठरवा.