नऊ वर्षं एकत्र राहतोय, लग्न नाही. सोसायटीत मी नॉमिनी आहे, म्हणजे पुढे फ्लॅट माझाच ना?

नाही हो. सरळच सांगते, कारण आमच्या घरात हे होऊन गेलंय आणि मी त्यात 'त्यांच्या घरच्यां'मध्ये होते.

तुम्ही लिहिलंय की पार्टनरचा घटस्फोट झालाय, मूल नाही, आई गावी आहे, दोन भाऊ आहेत, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि घरचे तुम्हाला मानतात. माझ्या दादाचं अगदी असंच होतं, फक्त भाऊ एकच, आणि मी बहीण. दादा आणि ती चिंचवडला चौदा वर्षं एकत्र राहिले. आम्ही तिला वहिनीच म्हणायचो, आई तिला दर दिवाळीला साडी घ्यायची. लग्न का नाही केलं तर एकदा पोळलेला माणूस, परत तो विषयच नको म्हणायचा. मृत्युपत्राचं मीच दोनदा काढलं होतं, तर म्हणाला मला काय धाड भरलीय, करू की निवांत. 2018 च्या फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेला, 51 व्या वर्षी.

आता नॉमिनीचं ऐका. वहिनी सोसायटीत नॉमिनी होती, कमिटीतली माणसं चांगली, दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट तिच्या नावावर करून दिलं. आम्हा सगळ्यांना वाटलं सुटलो. पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच त्याने ठरतं, खरी मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याची. एलआयसीच्या पॉलिसीबद्दल सुप्रीम कोर्टाने हे 1984 मध्येच सांगितलंय, कंपन्यांच्या शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 मध्ये परत तेच. आणि वारस कोण? हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गात बायको, मुलं आणि आई. (वडील त्यात नाहीत, आई आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.) पार्टनर कुठेच नाही, चौदा वर्षं असोत की चाळीस. वकील सांगतील की नवरा-बायकोसारखे खूप वर्षं राहिलात तर कोर्ट लग्न झालंच असेल असं धरून चालतं, ते खरंय, पण तुम्ही दोघांनीच सगळीकडे आम्ही लग्न केलेलं नाही असं सांगितलं असेल, फॉर्मवर लिहिलं असेल, तर तिथे काय टिकणार?

म्हणजे दादाचं सगळं आईचं झालं. पीएफला पण वहिनीचंच नाव होतं, पण तिथे आणखी वेगळा नियम, घरात बायको, मुलं किंवा अवलंबून असलेले आईवडील असतील तर बाहेरच्याचं नॉमिनेशन चालतच नाही, ते पैसे आईला आले. आईने चेकवर सही केली आणि वहिनीच्या हातात दिला, एक शब्द न बोलता. फ्लॅटचं पण म्हणाली दसऱ्यानंतर पुण्याला येते आणि तिच्या नावावर करून देते. दसऱ्याआधीच घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यातून उठलीच नाही.

आई गेल्यावर फ्लॅट धाकट्या भावाचा आणि माझा, निम्मा निम्मा. आईच्या तेराव्याला जेवायला वाढताना भाऊ वहिनीला म्हणाला, किल्लीचा एक सेट आमच्याकडे असू दे. नंतर वकिलाची नोटीस. तो राक्षस नाहीये हो, त्याच्या पोराच्या इंजिनिअरिंगची फी होती, आणि कायद्याने त्याचंच होतं. 'घरचे मानतात' यावर राहू नका म्हणते ते यासाठी.

मला वाटलं मी माझा हिस्सा तिला हक्कसोड करून देईन, विषय संपला. वकील हसले. हक्कसोड सहहिस्सेदारालाच करता येतं, म्हणजे मी भावाला करू शकत होते, तिला नाही. मग बक्षीसपत्र? आईने मला राहतं घर बक्षीस दिलं असतं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटी 200 रुपये आणि वर लोकल सेस. मी वहिनीला द्यायचं तर बाजारभावावर पूर्ण ड्युटी, जशी विकत घेताना लागते तशी. वर सीए म्हणाला इन्कम टॅक्सवाल्यांच्या लेखी ती तुमची नातेवाईक नाही, त्यामुळे फ्लॅटच्या अर्ध्या किमतीवर तिला टॅक्स बसेल. आणि हेच मृत्युपत्राने मिळालं तर टॅक्स शून्य!

तर तुम्ही काय करा. पार्टनरना मृत्युपत्र करायला सांगा, या महिन्यातच. साधा कागद चालतो, स्टँप पेपर लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण तुमच्या केसमध्ये कराच, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, साक्षीदार त्यांच्यापेक्षा वयाने लहान बघा आणि तुम्ही स्वतः साक्षीदार होऊ नका. आईला काय देतोय, भावांना का नाही देत, तुमचं नातं काय, हे त्यात स्पष्ट लिहू दे, लाजायचं काय त्यात. गावच्या वडिलोपार्जित जमिनीत ते फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहू शकतात, फ्लॅट स्वकष्टाचा असेल तर पूर्ण. तुम्ही हप्ते भरताय असं लिहिलंय, तर अॅग्रीमेंटवर नाव नसताना नुसतं भरत राहू नका, वहिनीने सहा वर्षं भरले होते, बँक स्टेटमेंटची फाईल घेऊन वकिलाकडे बसली होती, ते म्हणाले दावा लावू, दहा-बारा वर्षं चालेल. आणि नाव लागलं तरी अर्धाच तुमचा होतो, त्यांचा अर्धा वारसांकडेच जातो, म्हणून मृत्युपत्र तरीही हवंच.

आमचं शेवटी असं झालं की वहिनीने भावाचा अर्धा हिस्सा त्याच्याकडून विकत घेतला, पन्नाशीत लोन काढून, त्याच घरासाठी दुसऱ्यांदा. माझा अर्धा अजून माझ्याच नावावर आहे. मी माझं मृत्युपत्र केलंय, तो हिस्सा तिला, रजिस्टर केलंय, नवऱ्याला आणि लेकीला वाचून दाखवलंय. लेक म्हणाली, आई, पण मामी तुझ्याआधी गेली तर? ती ओळ लिहायची राहिलीय, सोमवारी परत वकिलांकडे जातेय.