सेल्फ नुसता टक करतो, मोटर घरी बदलता येईल का?

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडर, साधा गिअर. गेल्या पावसाळ्यापासून किल्ली फिरवली की कधीकधी नुसता एकच टक आवाज यायचा, आता रोजचंच झालंय, पण धक्का दिला की लगेच चालू होते. बॅटरी नवीन टाकली, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो सेल्फ गेला, अख्खी मोटर बदला. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मी घरीच करतो, हत्यारं आहेत. हे जमेल का आणि सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमेल. ब्रेक पॅड स्वतः बदलता म्हणजे हात बसलेला आहे, आणि बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत सेल्फ म्हणजे दोन, कुठे तीन बोल्ट, एक जाड वायर आणि एक बारीक वायर एवढंच काम असतं. अवघड असतं ते तिथपर्यंत हात पोचवणं. पण मोटर खोलायच्या आधी ती खरंच गेलीय हे सिद्ध करा, कारण "सेल्फ गेला" म्हणून बदललेल्या कितीतरी मोटरी चांगल्या असतात आणि खरा दोष बॅटरीच्या टर्मिनलवर नाहीतर अर्थच्या (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनला जोडणाऱ्या) वायरीत बसलेला असतो, मग नवी मोटर टाकूनही परत टकच ऐकू येतं आणि पैसे गेलेले असतात.

आत काय होतं ते आधी बघू. किल्ली फिरवली की बारीक वायरीतून सोलेनॉइडला करंट जातो, म्हणजे मोटरच्या पाठीवर जो छोटा डबा असतो ना त्याला. तो आतला दांडा ओढतो, त्या दांड्याने पुढची दातेरी चक्री फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये घुसते आणि त्याच वेळी मागे तांब्याची चकती दोन जाड संपर्कांवर टेकते, तेव्हा कुठे मोटरला बॅटरीचा सगळा जोर मिळतो, छोट्या पेट्रोल इंजिनालासुद्धा शंभर अँपिअरच्या वर. तुमचा जो टक येतोय तो त्या दांड्याचा. म्हणजे किल्ली, रिले, फ्यूज, बारीक वायर इथपर्यंत बहुधा सगळं ठीक आहे. काहीच आवाज आला नसता तर याच गोष्टी आधी तपासायला सांगितल्या असत्या, आणि त्यात बारीक वायरीकडे खास लक्ष, पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली शिरतात आणि ती कुरतडतात. आणि टकटकटकटक असा भराभर आवाज असेल तर समजायचं बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे.

आता रात्री हेडलाइट लावून किल्ली फिरवा. लाइट एकदम मंद झाली तर बॅटरी, तिची टर्मिनलं किंवा जाम झालेली मोटर. लाइट जशीच्या तशी राहिली आणि फक्त टक आलं तर करंट मोटरमधून वाहतच नाहीये, म्हणजे एकतर आतले संपर्क जळलेत, कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत, नाहीतर जाड वायर किंवा इंजिनची अर्थ पट्टी कुजलीय. कोकणातल्या दमट हवेत ही अर्थ पट्टी हमखास कुजते, वरून बरी दिसते आणि आवरणाच्या आत हिरवी भुकटी झालेली असते.

मग मल्टीमीटर घ्या, साधा चालेल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे लाकडाचे ठोकळे, तुमचे हात आणि बाह्या पट्ट्यापासून आणि फॅनपासून लांब. नुसत्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलीय, आधी चार्ज करा. त्यानंतर मीटरची लाल टोकणी सेल्फच्या जाड वायरीच्या नटावर, काळी सेल्फच्याच बॉडीवर, घासून चकचकीत केलेल्या जागी, आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. टक वाजलं, मीटरवर १२ च्या जवळपासच राहिलं आणि तरी मोटर फिरली नाही, तर दोष आतच आहे, बिनधास्त खोला. आकडा चार-पाचवर कोसळला तर लगेच तसंच बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. तिथे आकडा चांगला असेल तर वोल्टेज वाटेतच खाल्लं जातंय, जाड केबल बघा, अर्थ पट्टी बघा, टर्मिनल तारेच्या ब्रशने घासा, मोटर निर्दोष आहे. तिथेही कोसळला तर बॅटरी नाहीतर जाम मोटर.

काही जण पान्ह्याने सेल्फला ठोकून गाडी चालू करतात. हलकं ठोकल्यावर चालू झाली तर कार्बन संपत आलेत याची ती चांगली खूण आहे, पण जोरात ठोकू नका, आजच्या बऱ्याच मोटरींत आत कायमचे लोहचुंबक असतात, ते तडकतात. आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवून सोलेनॉइड थेट चालू करायची जी पद्धत आहे ती माझ्या मते घरी करूच नये. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते. माणसं यात चिरडली गेली आहेत.

समजा मोटरच दोषी निघाली. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, सायलेन्सर जवळ असतो म्हणून सांगतोय, आता गिअर पहिला टाका. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा आणि बाजूला बांधून ठेवा. हे टाळून चालणारच नाही, कारण सेल्फला येणाऱ्या जाड वायरीला सहसा फ्यूज नसतो, पान्हा तिथून बॉडीला टेकला तर तो लाल होतो, हातातली अंगठीसुद्धा, ती आधीच काढा. रेडिओला कोड लागत असेल तर लिहून ठेवा.

सेल्फ शोधायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे बघा, बॅटरीची जाड केबल तुम्हाला तिथेच नेते. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच हात जातो. खालून जावं लागत असेल तर जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, स्टँड लावायचे, विटा आणि दगड अजिबात नाहीत, वीट न सांगता फुटते. स्टँड नसतील तर हे काम गॅरेजमध्येच करा, मी हे कळकळीने सांगतोय.

खोलायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. बारीक वायर कधी दाबून निघणाऱ्या क्लिपची असते, कधी छोट्या नटाची. जाड वायरीचा नट सोडवताना अंदाज घेत सोडवा, अडला तर गंजावरचं तेल मारून थांबा, जोर लावून पूर्ण खांबच फिरवला तर सोलेनॉइडचं आतलं जोडकाम तुटतं. धरणारे बोल्ट बहुतेक १२ किंवा १४ च्या गोटीने निघतात, एक्स्टेन्शन आणि वाकणारा जोड असेल तर जीव वाचतो. खालचा आधी, वरचा शेवटी, आणि शेवटच्याला एक हात मोटरखाली, तीन-चार किलोचं धूड बोटांवर पडतं. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, कुणाखाली अर्थची वायर होती, हे लक्षात ठेवा.

मोटर निघाली की घाईने नवी बसवू नका. त्या भोकातून टॉर्च मारून फ्लायव्हीलचे दाते बघा, गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्ह्याने हळूहळू फिरवत पूर्ण चक्कर बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना जवळजवळ ठरलेल्या दोनच जागी थांबतं, त्यामुळे सेल्फ कायम तेच दाते पकडतो आणि झीज तिथेच दिसते.

जुनी मोटर टाकून देऊ नका आणि लगेच नवीही घेऊ नका. आधी ती एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, तुमच्या लक्षणांवरून कार्बन किंवा सोलेनॉइडचे संपर्क एवढंच निघण्याची शक्यता मोठी आहे, आणि कार्बन, बुश बदलून साफसफाई केलेली मूळ कंपनीची मोटर मला तरी बिननावाच्या नव्या मोटरपेक्षा जास्त भरवशाची वाटते. आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा तारांचा गाभा, जळलं असेल, काळं पडून करपट वास येत असेल, तर मात्र बदलाच. नवी घेताना जुनी शेजारी ठेवून चक्रीचे दाते मोजा, बोल्टची भोकं, नाकाची लांबी, फिरायची दिशा जुळवा, नुसत्या गाडीच्या नावावर विसंबू नका.

बसवताना गिअरबॉक्सवरची बैठक घासून स्वच्छ करा, कारण सेल्फची अर्थ त्या बॉडीतूनच जाते, तिथे गंज किंवा रंग राहिला तर नव्या मोटरलाही टकच. बोल्ट आधी हाताने चढवा, मग गाडीच्या मॅन्युअलात दिलेल्या टॉर्कनेच आवळा, गिअरबॉक्सचा डबा ॲल्युमिनियमचा असतो आणि आटे सहज जातात. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा.

प्रश्न : माझ्या गाडीचा सेल्फ मारला की सुर्रर्र असा मोकळा फिरल्याचा आवाज येतो, इंजिन हलतच नाही, परत परत मारल्यावर पकडतो. मोटर गेली का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, मोटर फिरतेय म्हणजे ती जिवंत आहे. पुढची चक्री ज्या एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचवर बसते, आपल्याकडे सगळे त्याला बेंडिक्स म्हणतात, तो घसरत असणार, नाहीतर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते गेलेत. ओळखायला सोपं आहे, गाडी बंद, किल्ली काढलेली, सपाट मोकळी जागा, चौथा गिअर टाकून कुणाला तरी गाडी हातभर ढकलायला लावा म्हणजे इंजिन थोडं सरकेल, मग न्यूट्रल, हँडब्रेक, आणि सेल्फ मारा. दर वेळी असं सरकवल्यावर लगेच पकडत असेल तर दाते. कसंही केलं तरी घसरत असेल तर बेंडिक्स, तो सुटा मिळतो, इलेक्ट्रिशियन बदलून देतो, अख्खी मोटर घ्यायची गरज नाही. दाते गेले असतील तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, रिंग तापवून फ्लायव्हीलवर बसवतात, ते घरचं काम नाही. पण चालढकल करू नका, घसरती चक्री चांगले दातेही खाते.

प्रश्न : सिग्नलला आपोआप बंद होऊन परत चालू होणारी गाडी आहे. सेल्फ बदलायची वेळ आली तर बाजारातली स्वस्त मोटर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. अशा गाडीत सेल्फ साध्या गाडीच्या कितीतरी पट जास्त वेळा फिरतो, म्हणून त्याचे कार्बन, बेअरिंग, चक्री सगळं त्या हिशेबाने मजबूत केलेलं असतं, साधी मोटर लवकर खराब होईल. पार्ट नंबर जुळवूनच घ्या. बॅटरीही ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, म्हणजे असं वारंवार चालू-बंद झेलायला बनवलेली, लागते. आणि निगेटिव्ह काढताना त्या टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो पक्कडीने पिळू किंवा उचकटू नका, क्लॅम्पचा नट पूर्ण ढिला करून सरळ वर उचला.