बायोडेटात 'आरोग्य : उत्तम' लिहायचं का?

"मॅडम, मुलीला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला, आता ट्रीटमेंट संपलीय, रिपोर्ट चांगले आहेत, स्थळं येतायत. समोरच्यांना सांगायचं का? सांगितलं तर जमत नाही आणि लपवलं तर मन खातं." सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो, बहुतेक वेळा आईकडून, कधी मोठ्या बहिणीकडून, मुलगी स्वतः फोन करते असं फार क्वचित. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी ३१ वर्षांची, घर सांगलीकडचं, नोकरी पुण्यात. २९ व्या वर्षी अंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून दोन-तीन महिने तसेच गेले, मग सोनोग्राफी, बायोप्सी आणि पुढचं सगळं. ऑपरेशनमधे पूर्ण ब्रेस्ट काढावं लागलं नाही, गाठ आणि काखेतल्या काही ग्रंथी काढल्या, मग किमो, मग रेडिएशन. कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर वाढणारा होता म्हणून रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली, माझ्याकडे आली तेव्हा त्या गोळीला १४ महिने झाले होते.

पहिल्या दिवशी आई सोबत होती आणि तिने बसल्या बसल्या पर्समधून बायोडेटा काढून टेबलावर ठेवला. वर गणपती, खाली जन्मवेळ, रास, नाडी, उंची ५ फूट ३ इंच, पगार, आणि शेवटून दुसरी ओळ, 'आरोग्य : उत्तम'. फोटोत कमरेपर्यंत वेणी. समोर बसलेल्या मुलीचे केस कानापर्यंत आलेले, किमोनंतर येतात तसे जरा कुरळे. आई म्हणाली, "फोटो जुना आहे, पण केस काय, वाढतील." तासभर त्या बोलत होत्या पण कॅन्सर हा शब्द एकदाही उच्चारला नाही, "तिचं ते झालं तेव्हा", "ते आजारपण", "ती गाठ" असंच. या माउलीने किमोच्या प्रत्येक सायकलला मुलीच्या उशाशी बसून रात्री काढल्यात, डब्यात मऊ भात आणि मुगाचं वरण घेऊन बसस्टॉपवर उभी राहिलीय, त्यामुळे तिला दोष द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. तिला भीती होती की शब्द उच्चारला की तो परत घरात येईल.

स्थळ मावशीने आणलेलं आणि मावशीचं म्हणणं साधं होतं, कपडे घातल्यावर काही कळत नाही ना, मग कशाला सांगायचं. मुलगी इतका वेळ गप्प होती, हे ऐकल्यावर तेवढं एकच बोलली, "मग लग्नानंतर मी कायम कपड्यातच राहायचं का?" आई रडायला लागली, मी तो दिवस तिथेच थांबवला.

दुसऱ्या वेळी मुलगी एकटी आली. लग्नाचं बाजूला ठेवून मी तिला रोजचा दिवस कसा जातो ते विचारलं, आणि त्यात जे निघालं त्याने मला लग्नापेक्षा जास्त काळजी लागली. तिने टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या पाकिटातून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवल्या होत्या. बाटली पर्समधे, पर्सच्या आतल्या चेनमधे. कारण रूममेटने नाव गूगल केलं तर? नातेवाईकांकडे गेलं आणि कोणी विचारलं तर? चुलतबहिणीच्या लग्नाला सहा दिवस साताऱ्याला होती, एका खोलीत दहा बायका, बाटली काढायचीच हिंमत झाली नाही. सहा दिवस गोळी नाही. आणि हे पहिल्यांदा नव्हतं.

मी तिला सरळ सांगितलं, स्थळाचं आपण नंतर बघू, आज तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन कर आणि सुटलेल्या गोळ्यांचं खरं सांग. तिने माझ्यासमोरच फोन केला. डॉक्टर ओरडले नाहीत, आजपासून परत नियमित सुरू कर, राहिलेल्या भरून काढायला दोन-दोन घेऊ नकोस, आणि काही त्रास होत असेल तर मला सांग, एवढंच म्हणाले. त्रास होत होताच, रात्री अंगातून एकदम वाफा यायच्या, घाम, झोप मोडायची. सांगलीला घरी गेली की डिसेंबरमधे पंखा पाचवर, आणि गंमत म्हणजे आईचीही पाळी नुकतीच गेलेली, दोघी एकाच वेळी रात्री उठून खिडकी उघडायच्या. आई म्हणायची, माझं या वयात सुरू झालं ते ठीक आहे गं, तुझं का. तिला हे कोणी नीट समजावलंच नव्हतं की ही गोळी इस्ट्रोजेनचं काम अडवते म्हणून असं होतं आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात.

तर लपवण्याची किंमत ही अशी असते. लोकांना वाटतं लपवलं म्हणजे फक्त समोरच्यापासून लपवलं, पण गोळी लपवायची तर ती चुकते, चेकअपची तारीख लपवायची तर ती पुढे ढकलली जाते, काखेतल्या ग्रंथी काढल्यामुळे हाताला सूज आली तरी बांगड्या घट्ट झाल्यात म्हणून सांगितलं जातं.

मग मी तिला म्हटलं, समज मी तो मुलगा आहे, सांग मला. तिने सुरुवात केली, "मला तुम्हाला एक सांगायचंय, सॉरी, आधीच सांगायला हवं होतं, प्लीज गैरसमज करून घेऊ नका..." दोन मिनिटांत चार वेळा सॉरी, आणि कॅन्सरपर्यंत पोचलीच नाही. चोरी कबूल करायला आल्यासारखी मान खाली. आम्ही ते कागदावर लिहायला घेतलं, खोडलं, परत लिहिलं, तीन आठवडे लागले. शेवटी जे राहिलं ते असं होतं : "मला २९ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, रेडिएशन झालं. आता रोज एक गोळी आहे, ती अजून काही वर्षं घ्यायचीय, आणि ठरावीक महिन्यांनी चेकअप. मूल हवं असेल तर कधी ते डॉक्टरांना विचारून ठरवावं लागेल. परत होणारच नाही असं खात्रीने कोणी सांगू शकत नाही. तुम्हाला विचारायचं ते विचारा."

शेवटून दुसरं वाक्य तिला काढायचं होतं. मी म्हटलं राहू दे. 'पाच वर्षं झाली की सुटलो' असं घराघरात बोललं जातं पण हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर पाच वर्षांनंतरही उलटू शकतो, म्हणूनच काहींना गोळी दहा वर्षं देतात. घाबरवायला नाही सांगत, पण जे तिच्या मनात रोज रात्री येतं ते तिने मोठ्याने बोलावं असं मला वाटत होतं.

मुलाबाळांचं मात्र मी स्वतः उत्तर दिलं नाही, प्रश्न लिहून देऊन तिला डॉक्टरांकडे पाठवलं. मला जे माहीत आहे ते एवढं : टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला धोका असतो, आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं अजिबात नाही, त्यामुळे दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावीच लागते आणि तीही हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी नाही. पण दार बंद नाहीये. २०२३ मधे 'पॉझिटिव्ह' नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले, त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या ५०० हून जास्त बायकांनी १८ ते ३० महिने हार्मोनची ट्रीटमेंट घेऊन मग मुलासाठी ती जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवली, आणि साधारण साडेतीन वर्षांच्या पाहणीत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण न थांबवलेल्यांच्या तुलनेत वाढलेलं दिसलं नाही. बऱ्याच जणींना मुलं झाली. पुढच्या वर्षांचा हिशोब अजून व्हायचाय, आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनाने गोळी बंद करून नव्हे.

इथे एक मला फार लागतं. किमोने स्त्रीबीजांवर परिणाम होऊ शकतो, तरी या मुलीला किमोच्या आधी ती गोठवून ठेवायचं कोणी विचारलंच नव्हतं. साधारण दोन आठवड्यांचं काम असतं, हार्मोन पॉझिटिव्ह असली तरी त्यासाठी औषधांचा वेगळा मार्ग असतो. खर्च आहे, सगळ्यांना झेपेल असं नाही, पण विचारायला तरी हवं ना! तुमच्या घरात तरुण मुलीची किमो ठरत असेल तर पहिल्या सलाइनच्या आधी हा प्रश्न तुम्ही विचारा. आणि इतक्या लहान वयात झालाय तर जेनेटिक टेस्टचंही विचारा, सगळे कॅन्सर काही घराण्यातून येत नाहीत, पण बीआरसीए जीनमधे, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सरशी संबंध असलेल्या जीनमधे, दोष निघाला तर बहिणीला, मावशीलाही त्याचा उपयोग होतो.

आता मूळ प्रश्न, सांगायचं का आणि कधी. माझं मत, बायोडेटावर लिहायची गरज नाही, शंभर घरांत फिरणाऱ्या कागदावर कोणी आपलं ऑपरेशन छापत नाही. पण 'आरोग्य : उत्तम' ही ओळ काढून टाका. पहिल्या भेटीत नाही सांगितलं तरी चालेल. दुसऱ्या भेटीत, दोघंच असताना, होकार-नकार व्हायच्या आधी, आणि मुलीनेच सांगायचं, मावशीने फोनवर नाही. मावशीला मी कायद्याचंही सांगितलं, हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२, महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली म्हणून लग्न रद्द करायला समोरचा कोर्टात जाऊ शकतो. कोर्ट काय ठरवेल ते वकील सांगतील, पण आपल्या मुलीला त्या पायरीवर कशाला न्यायचं.

तिने सांगितलं. कोथरूडच्या एका कॅफेत. मुलाने नीट ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाला, बिल त्याने दिलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या आईचा मेसेज, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तीन आठवड्यांपूर्वीच जुळली होती. घरचे सगळे म्हणाले, बरं झालं आधीच कळलं. मी आईला फोन करून म्हटलं, हे वाक्य निदान आठ दिवस तिच्यासमोर नका बोलू, तिला आत्ता वाईट वाटतंय तर वाटू दे. दोन दिवस ती ऑफिसला गेली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, ताई, माझा आवाज नाही कापला.

त्यानंतर सहा महिने तिने स्थळं बघणंच थांबवलं, तो तिचा निर्णय. आता एकाशी बोलणं चालू आहे, त्याला सगळं माहीत आहे, त्याने तिच्या डॉक्टरांना भेटायची इच्छा दाखवली, ती हो म्हणाली. त्याच्या घरचे अजून तयार नाहीत. पुढे काय होईल माहीत नाही.

मागच्या महिन्यात आईचा फोन आला होता, वेगळ्याच कामासाठी, त्यांच्या शेजारणीच्या सुनेला गाठ लागलीय. "तिला तुमच्याकडे पाठवू का? म्हणजे कॅन्सर नसेलही हो, पण असला तर." एवढं बोलून त्या क्षणभर थांबल्या, मीही काही बोलले नाही. मग म्हणाल्या, बी-कॉम्प्लेक्सची बाटली टाकून दिली, आता तिच्या गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर असतं, माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी, ती घरी आली की रात्री जेवण झालं की दोघी एकदमच घेतो.