कोकणातल्या पावसात कार्बन फायबरची गिटार घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की दापोलीत दोन पावसाळ्यांत लाकडी गिटारची वाट लागली, आता कार्बन फायबरची अकूस्टिक घ्यावी का, आणि एवढे पैसे ओतून आवाज ‘प्लास्टिकचा’ निघाला तर काय. मी रत्नागिरीची. माझ्याकडे अशी गिटार गेले तीन पावसाळे आहे, आणि त्याआधी एका लाकडी गिटारचे हाल मी स्वतःच्या हाताने केलेत. ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

ती गिटार पुण्यात असताना घेतलेली. वरची फळी सॉलिड स्प्रूस लाकडाची, बाजू आणि पाठ रोझवूडची. पुण्यात ती शहाण्यासारखी वागली. मग बदली झाली आणि मी रत्नागिरीला आले. घर चिऱ्याचं, वर कौलं. जुलैत मिठाला पाणी सुटतं, पोहे चिवट होतात, चामड्याच्या चपलांवर बुरशीची लव चढते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. लाकडी गिटारसाठी हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावी असं म्हणतात. मी एक स्वस्तातला हायग्रोमीटर आणून भिंतीला टांगला. तो अख्खा जुलै ८५ च्या खाली उतरला नाही.

अशा हवेत स्प्रूसची फळी पाणी पिते आणि आडवी फुगते. कडेने ती चिकटवलेली, आतून ब्रेसिंगच्या पट्ट्यांनी धरलेली, त्यामुळे पसरायला जागा नसते. मग ती पोट वर काढते. पोटावर ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, बसलेला असतो, तो वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या बोटांच्या फळीपासून, लांब जातात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे त्या फळीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) माझी जाडी ‘ई’ आधी अडीच मिलिमीटरवर होती, ती चारवर गेली. ‘एफ’ कॉर्डचा बार धरला, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबल्या, की मनगटात कळ यायची. मुंबईच्या एका दुकानात नेली, त्यांनी ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतला धातूचा गज, पिळून दिला आणि पैसे घेतले. ट्रस रॉडने मान सरळ होते, पोट खाली बसत नाही, हे मला फार नंतर कळलं. दुसऱ्या एकाने सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून बुटकं केलं. त्याने अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची, खरंच खाली आली आणि मी खूश.

आणि मग माझी बदली झाली नागपूरला, मे महिन्यात.

तिथे तोच हायग्रोमीटर वीसच्या आसपास. फुगलेलं लाकूड सुकलं, पोट आत गेलं, तारा फ्रेटवर टेकून झणझण करायला लागल्या. फ्रेटबोर्ड आकसल्यामुळे फ्रेटची टोकं कडेने बाहेर आली, हात वरखाली नेताना बोटांना करवतीसारखी लागायची. आणि घासलेलं सॅडल काही परत वाढवता येत नाही. दीड वर्षाने रत्नागिरीला परतले तेव्हा पिकगार्डशेजारी केसाएवढी चीर पडलेली होती.

त्यानंतर गिटार गेली कपाटात. कपाटात साठचा बल्ब, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. वाजवायची म्हणजे बल्ब बंद करा, केस काढा, सुरात लावा, वाजवून झाली की पुसा, पुन्हा आत. पथ्यावरच्या पेशंटसारखी. परिणाम असा की मी पंधरवड्यातून एकदा वाजवायला लागले, मग महिन्यातून एकदा. तुमचंही असं झालंय का ते बघा. झालं असेल तर पुढचं वाचा. नसेल, तर एक चांगलं डीह्युमिडिफायर घेऊन प्रश्न मिटवा, खूप स्वस्तात सुटाल.

कार्बनची गिटार घेणार म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “फायबर म्हणजे? बाथरूमच्या दारासारखी?” हसू आलं, पण शंका माझ्याही मनात तीच होती. म्हणून खूप वाचलं. ही काही कालची कल्पना नाही. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामानने १९६६ मध्ये ओव्हेशन गिटार काढली, तिची गोल पाठ सिंथेटिक होती. त्याच कंपनीने १९७० च्या दशकात अ‍ॅडमस काढली, तिच्या वरच्या फळीत कार्बन फायबर आलं. पूर्ण कार्बनची गिटार नावारूपाला आणली जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाने, हवाईतल्या माउई बेटावर. कंपनीचं नाव रेनसाँग. समुद्राची दमट हवा आणि नावातच पाऊस. पुढे त्यांचा कारखाना वॉशिंग्टन राज्यात गेला, तोही पावसाळीच मुलूख. आयर्लंडमध्ये डोनेगलला अ‍ॅलिस्टर हे (Hay) यांची एमराल्ड ही कंपनी आहे. मॅकफर्सनच्या कार्बन गिटार विस्कॉन्सिनमध्ये होतात, तिथे हिवाळ्यात घरं तापवून हवा वाळवंटासारखी कोरडी होते. गंमत म्हणजे या गिटार बहुतेक अशाच गावांत जन्मल्या जिथली हवा लाकडाला सोसत नाही. त्या हिशोबाने एखादा कारखाना लांज्याला निघायला हरकत नव्हती.

बनवतात कशी, तर इपॉक्सीत भिजलेलं कार्बनचं कापड साच्यात थरावर थर लावून उष्णता आणि दाब देऊन पक्कं करतात. धागा कोणत्या दिशेने जातो त्यावर कुठे ताठ आणि कुठे लवचीक हे ठरवता येतं. स्प्रूसही रेषांच्या दिशेने ताठ आणि आडवं मऊ असतं, तीच नक्कल इथे मुद्दाम केलेली असते. रेनसाँगसारख्या काही गिटारना तर वरच्या फळीखाली ब्रेसिंगच लागत नाही. आणि पक्कं झालेलं हे मटेरियल लाकडासारखं पाणी पीत नाही, म्हणून फुगत नाही, आकसतही नाही.

घेताना मात्र नीट बघा. ‘कार्बन’ लिहिलेल्या सगळ्या गिटार सारख्या नसतात. काही साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या असतात, त्यात कार्बनचे बारीक तंतू मिसळलेले. प्रवासाला, मुलांना, गच्चीवर न्यायला त्या छान आहेत आणि खिशालाही परवडतात, पण ती वस्तू वेगळी. काहींची बॉडी कार्बनची पण मान लाकडाची असते. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: वरची फळी कशाची, पाठ आणि बाजू कशाच्या, मान कशाची. चौथा प्रश्न ट्रस रॉड आहे का. काही पूर्ण कार्बनच्या गिटारना तो नसतोच, कारण मान हलणार नाही असं गृहीत धरलेलं असतं. मग मानेचा बाक जसा येईल तसाच आयुष्यभर. मी ट्रस रॉड असलेलीच घेतली.

मी मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन आले, पण मला हवी तशी वाजवून बघायला मिळाली नाही. शेवटी अमेरिकेतला भाचा सुट्टीत येताना घेऊन आला. ओएम, म्हणजे मध्यम आकाराची, पूर्ण कार्बनची. ब्रँड सांगत नाही, उगाच जाहिरात नको आणि पुढे तक्रारी आहेत म्हणून बदनामीही नको. अशा गिटार साधारण दोन हजार डॉलर आणि त्यापुढे असतात. ड्युटी धरून माझे दोन लाखांच्या वर गेले. तेवढ्यात चांगली स्कूटर आली असती, असं घरात अजूनही अधूनमधून ऐकवलं जातं.

आता आवाज. पहिल्या संध्याकाळी ‘जी’ कॉर्ड छेडली आणि आवाज थांबेचना. लाकूड स्वतःच थोडा आवाज गिळतं, विशेषतः वरच्या पट्टीतला. कार्बन फार कमी गिळतं. त्यामुळे प्रत्येक सूर स्वच्छ, लांब, सगळ्या तारांवर सारखा. ऐकायला चकचकीत, पण पहिला आठवडा मला तो काचेसारखा वाटला. पातळ तारांवर प्लेक्ट्रम (तार छेडायची चकती) मारला की कानात टोचायचा. मी भाच्याला फोन करून परत करता येईल का असंही विचारलं, हे कबूल करते.

मग हळूहळू जमवलं. आलेल्या बाराच्या जाड तारा काढून अकराच्या जरा बारीक, कोटेड (वरून संरक्षक थर असलेल्या) फॉस्फर ब्राँझ लावल्या, प्लेक्ट्रम सोडून अंगठ्याच्या मांसल भागाने वाजवायला लागले, उजवा हात ब्रिजपासून थोडा साउंडहोलकडे सरकवला. टोचणं गेलं. शिवाय तारा दोन-तीन आठवडे जुन्या झाल्या की ही गिटार जास्त गोड वाजते. लाकडीवर मी जुन्या तारांना कंटाळायचे, इथे उलटं. प्लास्टिकचा आवाज म्हणाल, तर नाही. पण डोळे मिटून लाकडाचा वाटेल असंही नाही. तिसरंच काहीतरी आहे.

एक उणीव कधीच भरून निघणार नाही. लाकडी गिटार वर्षानुवर्षं वाजवली की पिकते, मोकळी होते असं आपण मानतो. ही पिकणार नाही. पहिल्या दिवशी जशी होती तशीच वीस वर्षांनी असेल. केस उघडल्यावर येणारा लाकडाचा वासही नाही. माझे मामा मिरजेचा तंबोरा बाळगून आहेत, भोपळ्याला मुलासारखं जपतात. त्यांनी माझी गिटार बोटाने ठोकून बघितली आणि म्हणाले, “इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासारखं झालं हे. उपयोगी आहे, पण हिच्याशी बोलणार काय?” मला राग आला होता. आता वाटतं, तंबोऱ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. फक्त इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यात तार नसते, माझ्या गिटारला आहे, आणि तारेवर बोट माझंच असतं.

फायदा कुठे झाला, तर ही गिटार कपाटात नसते. दिवाणखान्यात भिंतीच्या हुकाला, उघडी. भात शिजेपर्यंत दहा मिनिटं वाजवते, लाइट गेले की वाजवते, ओटीवर पावसाचे शिंतोडे येत असतात तरी तिथेच बसून वाजवते. माझं वाजवणं सुधारलं ते कार्बनमुळे नव्हे, रोज हातात येते म्हणून. गेल्या गणपतीत आरतीला बसले होते. बाहेर धो धो पाऊस. शेजारचे काका पखवाज बल्बपाशी शेकत होते, पुडी उतरली म्हणून वैतागलेले. मी पेटीला सूर एकदा जुळवला तो रात्री भजन संपेपर्यंत पुन्हा कान पिळावे लागले नाहीत. काकांनी शेवटी विचारलंच, याचा पखवाज मिळतो का.

पण ‘कधीच सुरातून उतरत नाही’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तारा शेवटी धातूच्या आहेत. एसीच्या खोलीत नेलीत तर त्या आकसतील आणि सूर चढेल, उन्हात उतरेल. फरक एवढाच की बॉडी हलत नाही, त्यामुळे मूळ तापमान आलं की सूरही बराचसा जागेवर येतो. दापोलीची खारी हवा तारांना खाणारच, तेव्हा कोटेड घ्या आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. जमल्यास फ्रेट स्टेनलेस स्टीलचे असलेली बघा. उन्हाळ्यात काळी बॉडी उन्हात तापते, घामाने मांडीवरून सटकते, म्हणून बसून वाजवतानाही पट्टा लावते.

दुरुस्तीचं आधीच विचारून ठेवा. लाकूडकाम जाणणारा मिस्त्री इथे कामाचा नाही. कार्बन घासायला कोणालाही देऊ नका, ती धूळ फुप्फुसांना वाईट. सॅडल, नट (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी), ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) एवढंच बाहेर कोणाकडून करून घेण्यासारखं. त्यामुळे अ‍ॅक्शन घेतानाच नीट करून घ्या. माझी भाच्याने तपासली नव्हती, जरा उंचच आली. नवीन सॅडल मागवून मी स्वतः घासून बसवलं. या वेळी मोजून, थोडं थोडं, आणि जुनं जपून ठेवून.

आणि जुनी लाकडी गिटार विकू नका, निदान लगेच नको. मी माझी पुण्याला भाचीकडे पाठवली. तिने चीर चिकटवून घेतली, हाडाचं नवीन सॅडल बसवलं. तिथल्या हवेत पोट आपसूक जागेवर आलं. दिवाळीत पुण्याला गेले की चहाच्या आधी मी तिलाच हात लावते. जाड्या तारांवरचा तो भरीव, किंचित मळकट आवाज माझ्या दोन लाखांच्या गिटारमधून येत नाही. भाचीला अजून हे सांगितलेलं नाही.