हात आधी ऐकू दे

प्रिय पोरी,

दिवाळीनंतर तुझ्याकडे मालिश शिकायला बायका येणार, त्यातल्या बऱ्याच सुईणींच्या घरातल्या, शिवाय पंचकर्म केंद्रात काम करणारी दोन पोरं, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. रगडणं, चोळणं, नसा मोकळ्या करणं यातून करू नकोस. ते त्यांना येतं, काहींना तुझ्यापेक्षा चांगलं येतं. हात ठेवल्यावर थांबायचं आणि समोरचं अंग काय सांगतंय ते आधी समजून घ्यायचं, एवढं मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आपल्याकडे मालिश म्हणजे जोर. दिवसभर सोयाबीन सोंगून आलेला माणूस पालथा पडतो नि म्हणतो, "जोरानं रगड ना बाई, कंबर मोडली." दुखल्याशिवाय दुखणं निघत नाही, अशी त्याची खात्री असते. मग अंगठा रुततो, तो दातओठ खातो आणि पाठ आणखी आवळते. अचानक जोराचा दाब आला की स्नायू स्वतःला वाचवायला आकसतो. मालिश करणारी त्यालाच गाठ समजते नि आणखी जोर लावते. यात पाठीचं भलं होत नाहीच, वर तिचे अंगठेही कामातून जातात.

म्हणून पहिल्या दिवशी तेलाची बाटली उघडूच नकोस. डोक्याचा एक लांब केस घे, वहीच्या पानाखाली ठेव आणि डोळे मिटून बोटानं शोधायला लाव. सापडला की वर आणखी एक पान, मग आणखी एक. ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-स्नायू हातांनी तपासून उपचार करायची पद्धत, शिकणाऱ्यांना हा सराव देतात. काही पानांनंतर बायका बोट दाबू लागतील आणि केस हरवेल. तेव्हा प्रत्येकीला स्वतःच्या नखाकडे बघायला सांग. दाबलेलं नख पांढरं पडलेलं असेल. बोट जरा सैल सोडलं, नखाची लाली परत आली, की केस पुन्हा हाताला लागतो. हे त्यांच्या त्यांना कळू दे, तू मध्ये बोलू नकोस.

खरं तर हा हात त्यांच्याकडे आहेच. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोट न चिरता, पाल्याचा चुरा सोबत न येऊ देता कापूस उपसणाऱ्या बाया आहेत त्या. "वेचणीचा हात आण," एवढं म्हटलं तरी खांदे खाली येतात. फक्त वेचणीच्या दिवसांत बोटांना भेगा पडतात आणि भेगाळलेला हात कातडीला ओरबाडतो. रोज रात्री हाताला तेल लावून झोपायला सांग.

दुसरा सराव जोडीनं. एक झोपेल, दुसरी तिच्या कोपराखाली नि मनगटाखाली हात घालून तो अलगद उचलेल. झोपलेली नकळत मदत करते, स्वतःच हात उचलून धरते. तिला "सैल सोड" म्हणू नये, नुसतं थांबावं. हळूहळू वजन हातात उतरतं, श्वास लांबतो. त्या दोन पोरांना आधी झोपव. जोराची सवय असलेल्यानं हा अनुभव स्वतःच्या अंगावर घेतलाच पाहिजे.

वेगाबद्दल आग्रही राहा. 1990च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसाच्या लव असलेल्या कातडीत असे मज्जातंतू दाखवले की जे सावकाश फिरणाऱ्या हाताला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाला. म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत यायला सात-आठ सेकंद लागले तरी चालतील. पण हळू म्हणजे गुदगुल्या नव्हेत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासांत नुसत्या वरवरच्या स्पर्शापेक्षा मध्यम दाबाच्या मालिशीनं वजन जास्त वाढलेलं दिसलं. सुईणींच्या घरच्यांना हे जरूर सांग, आणि बाळाचे हातपाय पिळणं, त्याला उलटं धरणं बंद कर.

आता सगळ्यात नाजूक भाग. काही अंगं बोलतच नाहीत. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, कुष्ठरोगात कातडी बधिर होते, आणि असा माणूस "अजून दाब" म्हणतो कारण त्याला लागतच नाही. सेवाग्रामला गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींना मालिश करत. शास्त्रींना कुष्ठरोग होता आणि लोक तेव्हा अशा माणसाच्या जवळही जात नसत. बधिर अंगावर काम करताना कातडीचा रंग, जखम, सूज डोळ्यांनी बघावी लागते, त्याच्या तोंडच्या शब्दावर विसंबता येत नाही. नवी सुनबाई दुसऱ्या कारणानं बोलत नाही. सासूनं पाठवलं म्हणून ती झोपते, दुखतं का विचारलं तर "नाही" म्हणते, पण पायाची बोटं आत वळलेली असतात. ती बोटं वळलेली दिसली की हात काढून घ्यायचा, तिला उठवून बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं.

कुठे हात लावू नये हेही पहिल्याच आठवड्यात सांग. एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखते: डॉक्टर. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसाची हाडं ठणकायला लागली: चोळायचं नाही, लगेच दवाखाना. फवारणी करून आलेला असेल तर साबणानं स्वच्छ आंघोळ झाल्याशिवाय तेल नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते विष कातडीतूनही जातं. हत्तीपायावर रगडणं तर मुळीच नको. तिथलं पाणी कातडीच्या लगेच खालच्या बारीक वाहिन्यांतून सरकवायचं असतं, त्याला अगदी हलका हात लागतो. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी 1930च्या दशकात ती पद्धत बसवली, पण ती वेगळी शिकावी लागते. पाय लाल नि तापलेला असेल तेव्हा तीही नाही.

"जोर नाही तर पैसे कशाचे?" असं लोक म्हणतील. वाद घालू नकोस. एका बाजूची कंबर सावकाश करायची, त्याला उठवून अंगणात चालायला लावायचं आणि दोन बाजूंत काय फरक वाटतो ते विचारायचं. मग दुसरी बाजू. या कामाला वेळ लागतो, म्हणून पैशांचा दर लागणाऱ्या वेळेनुसार ठरवा, आणि तो सगळ्यांचा एकच असू दे. नाहीतर ज्या बाईला घरी पैसे न्यायचेत ती आठवडाभरात पुन्हा रगडायला लागेल. पहिली तुकडी बसण्याआधी ही दराची गोष्ट पक्की कर आणि मला कळव.

तुझी,
मावशी