कोळशाच्या बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायला साध्या एमईएऐवजी (मोनोइथेनॉलअमाइन, हा वायू धरणारं नेहमीचं रसायन) सुधारित अमाइन मिश्रण घेतलं तर खर्च खरंच कमी होतो का?

होतो, पण तो वाफेत कमी होतो. कोळशाच्या बॉयलरचा धूर आधी नीट धुतला नाही, तर वाचलेले पैसे द्रावण बदलण्यात जातात.

पाण्यातल्या ३०% एमईएचा हिशेब आधी मांडू. एमईएचे दोन रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कार्बामेट नावाचं संयुग करून धरतात. म्हणून एका मोल अमाइनवर जेमतेम अर्धा मोल वायू बसतो, आणि स्ट्रिपरमधून (द्रावण तापवून वायू सोडवणारा टॉवर) परतणाऱ्या लीन, म्हणजे वायू काढलेल्या द्रावणातही ०.२ च्या आसपास शिल्लक राहतोच. हाती येतो साधारण ०.२५ चा फरक. एक किलो द्रावणात ४.९ मोल एमईए, म्हणजे एका फेरीत ५४ ग्रॅम वायू. एक टन पकडायचा तर साडेअठरा टन द्रावण फिरवा, १२० अंशांपर्यंत तापवा, परत ४० वर आणा. रीबॉइलरला (स्ट्रिपरच्या तळाशी वाफेने द्रावण तापवणारं उपकरण) टनामागे ३.५ ते ४ गिगाज्यूल लागतात, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास वाफ. त्यातली जवळपास निम्मी उष्णता नुसती कार्बामेट तोडण्यात जाते.

सुधारणा इथेच होते. एएमपीसारख्या, रेणूच्या रचनेतच अडथळा असलेल्या अमाइनचा कार्बामेट टिकत नाही, बायकार्बोनेट बनतं आणि एका रेणूमागे एक वायू बसू शकतो. पण ही प्रक्रिया संथ, वायू शोषणारा टॉवर (अॅब्सॉर्बर) उंच लागतो. म्हणून पिपेराझिन हे दुसरं अमाइन घालतात. ते वायू झटकन उचलतं. ३ मोलर एएमपी आणि १.५ मोलर पिपेराझिन हे मिश्रण बऱ्यापैकी अभ्यासलेलं आहे, उष्णता ३ गिगाज्यूलच्या आसपास येते. मात्र पिपेराझिन वाढवलं आणि द्रावण थंड पडलं की स्फटिक धरून पाइप चोंदतात. बंद काळात टाकी कोमट ठेवावी लागते.

भारतात आंवला आणि फूलपूरच्या युरिया कारखान्यांत २००६ पासून मित्सुबिशीचं केएस-१ द्रावण वापरात आलं, पण तिथला धूर नैसर्गिक वायूचा, म्हणजे स्वच्छ. तुतिकोरिनला २०१६ मध्ये कोळशाच्या बॉयलरवर असं संयंत्र सुरू झालं, वायू सोडा ॲशसाठी. तुमचं प्रकरण या दुसऱ्या जातीचं आहे.

कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड शेकडो पीपीएम असू शकतो. अॅब्सॉर्बरच्या तोंडाशी तो १० पीपीएमच्या खाली आणा, कॉस्टिकचा प्री-स्क्रबर, म्हणजे धूर आधी धुणारा टॉवर लावून. नाहीतर अमाइनचे असे क्षार बनतात जे स्ट्रिपरच्या उष्णतेला दाद देत नाहीत, आणि तेवढं अमाइन कामातून गेलं. धुरातला ऑक्सिजन अमाइन कुजवतो. विरघळलेलं लोखंड त्याला आणखी वेग देतं. तेव्हा गरम रिच लाइन (वायू भरलेल्या द्रावणाचा पाइप), स्ट्रिपर आणि रीबॉइलरच्या नळ्या ३१६एल स्टेनलेस स्टीलमध्येच घ्या. रीबॉइलरला ३-४ बारची संपृक्त वाफ द्या. सुपरहीट वाफ थेट सोडली की नळीच्या भिंतीशी एमईए जळायला लागतं.

टॉवरचा दाबफरक अचानक चढला तर पहिला संशय फेसावर घ्या. मेजरिंग सिलिंडरमध्ये २०० मिली द्रावण घेऊन खालून हवा सोडा, फेस किती चढतो आणि हवा बंद केल्यावर किती सेकंदांत फुटतो ते रोज नोंदवा. ताज्या द्रावणाचा आकडा शेजारी ठेवा. फेसनाशक थोडंच घाला. जास्त झालं तर तेच फेस वाढवतं, आणि कार्बन फिल्टर ते शोषूनही घेतो. राख येत असेल तर आधी ती थांबवा.

पिपेराझिन दुय्यम अमाइन आहे. धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडशी त्याचे नायट्रोसमाइन बनतात, ते कर्करोगकारक. अॅब्सॉर्बरच्या माथ्यावरचं वॉटर वॉश (बाहेर जाणारा धूर पाण्याने धुणारा भाग) खर्च वाचवायला काढू नका.

विक्रेता गिगाज्यूलचा आकडा सांगेल तेव्हा विचारा: धुरात कार्बन डायऑक्साइड किती टक्के धरला आणि लीन-रिच एक्स्चेंजरचा (परतणाऱ्या गरम द्रावणाने स्ट्रिपरकडे जाणारं द्रावण तापवणारा) तापमानफरक ५ अंश धरला की १०? हे दोन्ही लेखी मागा.